पाच मीटरच्या फायबरग्लास शिडाच्या होडीचा डेक दबतोय : कोअर सुटल्यावर दुरुस्ती नेमकी कशी करायची?

शीडवारा

होडी पाच मीटरची, एका डोलकाठीची. डोलकाठीच्या पुढचा डेक पाय ठेवला की दबतो आणि पाय उचलला की ‘टक्’ आवाज करून वर येतो. दबणारा भाग साधारण ६० × ७० सेंमी. त्याच्या बरोबर मध्ये दोर बांधायची क्लीट आहे. हॅचच्या (डेकमधल्या झाकणाच्या तोंडाच्या) कापलेल्या कडेवर मोजलं तर वरचा काचेचा, म्हणजे फायबरग्लासचा, थर २.५ मिमी, मध्ये कोअर म्हणून १० मिमी बाल्सा (हलकं लाकूड), खालचा थर १.५ मिमी. डेकच्या पोटाला ताठपणासाठी दोन आडव्या पट्ट्या आहेत, प्लायवर काच मढवलेल्या. पुढच्या पट्टीची एक बाजू फूटभर सुटली आहे, पुट्टी लावायचं पातळ पातं फटीतून आरपार जातं.

विचारायचं ते असं :
१. भोकं पाडून इपॉक्सी (हार्डनर कालवला की घट्ट होणारं रेझिन) भरली तर भागेल का?
२. उघडायचंच असेल तर वरून की खालून?
३. नवा कोअर बाल्साचा, फोमचा की प्लायचा?
४. माल किती लागेल?
५. सुटलेल्या पट्टीचं काय?

राळकाम

सिरींज हातात घेण्याआधी एकच गोष्ट ठरवा : आतला बाल्सा कोरडा आहे की ओला. बाकी सगळं त्यावर अवलंबून.

आधी ठोकून बघा. छोटी नायलॉनची हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ पुरते. जिथे डेक नक्की धड आहे तिथून सुरुवात करा, म्हणजे कानाला चांगला आवाज कळतो. थर धरलेला असेल तर टणक, खणखणीत वाजतो. सुटलेला असेल तर बद्द. दर ३-४ सेंमीवर ठोकत जा आणि हद्द पेन्सिलने आखा.

पण ही हद्द खरी हद्द नव्हे. ओला झालेला बाल्सा अजून थराला चिकटलेला असू शकतो, तो ठोकून सापडत नाही. त्यासाठी खालून ४ मिमीची भोकं घ्या. ड्रिलच्या बिटला टोकापासून १० मिमीवर टेप गुंडाळा. तुमचा खालचा थर १.५ आणि कोअर १०, म्हणजे वरच्या थराच्या दीड मिमी अलीकडे बिट थांबेल. क्लीटपासून बाहेरच्या दिशेने दर १० सेंमीला एक भोक, आणि प्रत्येक भोकाचा भुसा पांढऱ्या कागदावर वेगळा घ्या. फिकट, कोरडा, फुंकर मारली की उडणारा भुसा म्हणजे ठीक. तपकिरी आणि बोटांत दाबल्यावर ओल सोडणारा म्हणजे पाणी पोचलं आहे. काळा, लगदा झालेला, वास मारणारा म्हणजे तिथला कोअर संपला. सगळीकडे कोरडा भुसा येईपर्यंत बाहेर सरकत राहा. तिथपासून आणखी ५ सेंमी पुढे तुमची कापायची रेघ.

भरतीओहोटी

ओल मोजायचं पिनविरहित मीटर असेल तर वापरा, पण आकड्यावर विसंबू नका. खाली बोल्ट, पत्रा, वायर असेल तर मीटर ओलच दाखवतं. डेक वरून दमट असेल तरी तेच. एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना करायला ते उपयोगी आहे, ‘इतके टक्के’ म्हणून नाही. शेवटचा निवाडा भुशाचाच.

जुनीडोलकाठी

भोकं पाडून भरण्याच्या पद्धतीला सरसकट नावं ठेवली जातात, ते मला पटत नाही. कोअर कोरडा आहे आणि फक्त वरचा थर सुटला आहे अशा ठिकाणी ती चांगली चालते. पद्धत अशी : वरच्या थरातून ५ मिमीची भोकं, ३ सेंमी अंतराने, खालचा थर न फोडता. उतार असेल तर सर्वांत खालच्या भोकातून सिरींजने पातळ इपॉक्सी सोडायची. शेजारच्या भोकातून वर आली की पहिलं टेपने बंद करून पुढच्याकडे जायचं. सगळं भरलं की प्लॅस्टिक अंथरून वजन ठेवायचं. हळू सेट होणारा हार्डनर घ्या, नाहीतर निम्म्या वाटेवरच आतली इपॉक्सी घट्ट होते.

राळकाम

कोरड्या पोकळीसाठी मान्य. तेही तळहाताएवढ्या, फार तर दोन तळहातांएवढ्या जागेसाठी. ६० × ७० सेंमीला ३ सेंमी अंतराने भोकं घ्यायची तर साडेचारशेच्या वर जातात. इतकी भोकं बुजवून रंगवण्यापेक्षा थर उचलणं सोपं.

ओल्या कोअरमध्ये मात्र हे करूच नये. ओल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही. पाण्याला बाजूला सारून ती भोकाभोवती गोळा होते आणि आत सुटे खिळे ठोकल्यासारखं काहीतरी तयार होतं. डेक काही दिवस टणक वाटतो, कारण दाबाला ते गोळे टेकू देतात. पण डेकला नुसत्या दाबाचा टेकू नको असतो. वरचा थर, कोअर आणि खालचा थर एकमेकांवरून सरकता कामा नयेत, ती पकड हवी असते. शिवाय ओल आतच कोंडली जाते आणि कुजणं चालूच राहतं.

ही पकड किती महत्त्वाची आहे ते तुमच्याच मापांवरून काढता येतं. थर २.५ आणि १.५, कोअर १०, म्हणजे दोन थरांच्या मध्यरेषांतलं अंतर १२ मिमी. तिन्ही एकजीव असताना वाकण्याला होणारा विरोध (२.५ × १.५ ÷ ४) × १२² म्हणजे सुमारे १३५, त्यात थरांचा स्वतःचा दीड. थर सुटे झाले की उरतो तो फक्त हा दीड. कोअरची स्वतःची लवचीकता यात धरलेली नाही, पण ८० पटींचा फरक आहे हे ध्यानात घ्या. म्हणून काच जशीच्या तशी शाबूत असूनही डेक पायाखाली लोण्यासारखा जातो. आणि म्हणूनच वरून आणखी दोन थर काच चढवून हा दोष जात नाही. सुटलेला २.५ चा थर ३.५ केलात तर तो स्वतःपुरता पावणेतीन पट ताठ होतो. गेले आहेत ते ८० पट.

शीडवारा

भोकं घेतली. क्लीटभोवती सुमारे २५ सेंमी व्यासात काळा लगदा, त्याबाहेर तपकिरी ओला, उजवीकडे एका सरळ रेषेत ओल जवळजवळ ४० सेंमी लांब गेली आहे. डावीकडे ३० सेंमीवर कोरडा. म्हणजे उघडणं आलंच. ओल सरळ रेषेत का गेली असावी?

सुतारपक्षी

बाल्सा उभ्या तंतूंचा असतो, म्हणजे तंतू वरच्या थराकडून खालच्या थराकडे. त्यामुळे पाणी वरखाली पटकन जातं, आडवं फार सावकाश. पण वक्र डेकवर बसावा म्हणून तो चौकोनी तुकडे जाळीवर चिकटवलेल्या तक्त्याच्या रूपात येतो. त्या तुकड्यांमधल्या फटी कारखान्यात रेझिनने भरल्या गेल्या नसतील तर त्याच पाण्याच्या पाटासारख्या होतात. तुमची सरळ रेघ ही त्यातली एखादी फट. नवा कोअर बसवताना हे लक्षात ठेवा. फटी भरल्या नाहीत तर फोममध्येही पाणी तसंच धावतं, फोम कुजत नाही एवढंच.

आणि मूळ कारण क्लीटचे बोल्ट. भोक सरळ बाल्सातून पाडलेलं असणार, सीलंट म्हातारा झाला, बोल्ट कसल्यामुळे कोअर दबला, नट सैल झाला, पाणी आत. ते भोक नीट केल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण झाली असं धरू नका.

राळकाम

आता वरून की खालून.

खालून केल्याचा फायदा : वरचा थर, त्यावरची पाय न घसरण्याची नक्षी आणि डेकची कमान तशीच राहते. तोटा : डोक्यावर हात करून काम, इपॉक्सी अंगावर गळते, कोअर २० × २० सेंमीपेक्षा मोठ्या तुकड्यात बसवता येत नाही, प्रत्येक तुकड्याला खालून टेकू. पाच मीटरच्या होडीत पुढच्या डेकखाली माणूस धड बसूही शकत नाही, आणि त्या कोंडलेल्या जागेत ग्राइंडरची धूळ व सॉल्व्हंटची वाफ. तुमच्या बाबतीत पट्ट्याही मध्ये येतात. मी वरूनच सांगेन.

वरून करताना क्रम असा ठेवा.

पहिलं काम कापणं नव्हे, टेकू देणं. थर काढला की उरलेला १.५ मिमीचा खालचा थर पोटासारखा लोंबतो आणि त्याच आकारात नवा डेक तयार होतो. कापण्याआधी कमानीचा साचा काढा : ६ मिमी प्लायची पट्टी डेकवर आडवी, कडेवर उभी धरून पेन्सिलने वक्र उतरवा, कापा, दोन-तीन ठिकाणचे असे साचे ठेवा. मग डेकखालून दर २५-३० सेंमीला उभे टेकू द्या, डोक्यावर रुंद फळकुट, मध्ये प्लॅस्टिक. साचा वरून ठेवून कमान जुळते का बघा. धड असलेली मागची पट्टी काढू नका, ती कमान धरून ठेवते.

कापायची रेघ धड भागातून जाऊ द्या. डेक आणि हलच्या (होडीच्या खालच्या अंगाच्या) सांध्यापासून, हॅचच्या कडेपासून किमान ५ सेंमी आत राहा, म्हणजे नव्या काचेला उतार द्यायला जुना थर उरतो. कोपरे किमान ५ सेंमी त्रिज्येचे गोल. काटकोनी कोपऱ्यातून पुढे चीर जाते. नक्षीच्या दोन पट्ट्यांमधला गुळगुळीत भाग मिळत असेल तर रेघ तिथे घ्या.

ग्राइंडरला १ मिमीचं कापायचं चाक किंवा दातेरी पात्याचं मल्टीटूल. खोली फक्त २.५ मिमी. मी मल्टीटूल पसंत करतो, हळू जातं पण खोली हातात राहते. एकदम आरपार न जाता दोन फेऱ्यांत जा. दुसऱ्या फेरीत काचेची पांढरी धूळ संपून लाकडाचा रंग दिसला की थांबा. थर उचलायला रुंद पातळ पटाशी, एका कोपऱ्यातून सुरुवात. ओल्या भागात तो सहज येईल. जिथे धरून ठेवेल तिथे ओढू नका, खालून पटाशी सरकवत कोअरच कापा. थर जपून ठेवा.

कोअर पटाशीने काढा. पटाशीचा सपाट पृष्ठ खाली, धार खालच्या थरात रुतू देऊ नका. कडेला जुन्या थराखालचाही ओला बाल्सा निघेपर्यंत आत कोरा. मग खालचा थर ऍसिटोनने पुसा, सुकू द्या, ४० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण घासा. पुसणं घासण्याच्या आधी. मेण किंवा तेल असेल तर घासताना ते ओरखड्यांत भरलं जातं. चकाकणारा एकही ठिपका उरता कामा नये, कारण जुन्या रेझिनवर नवी पकड धरते ती फक्त ओरखड्यांत.

सुकवणं : कडेचा धड दिसणारा बाल्सा जरा दमट असेल तर डिह्युमिडिफायर किंवा मध्यम उष्णतेचा दिवा. काच हाताला सोसवेल इतकीच तापवा. घाई करू नका. अर्धवट सुकलेल्या कडेपासून पुन्हा तोच प्रकार सुरू होतो.

जुनीडोलकाठी

खालून करायचंच ठरलं तर लहान होडीत एक सोय आहे. डोलकाठी काढून होडी उलटी करा, ७०-८० सेंमी उंच घोड्यांवर ठेवा. मग कॉकपिटच्या (बसायच्या खोलगट जागेच्या) तोंडातून आत शिरलं की डेकचं पोट तुमच्या समोर, खालच्या बाजूला असतं. गळणं बंद, वजनं ठेवता येतात. आत पंख्याने ताजी हवा सोडणं मात्र हवंच, आणि बाहेर एक माणूस.

भरतीओहोटी

कोअरबद्दल. १२ मिमी जाडी धरली तर चौरस मीटरचं वजन असं येतं : ८० किलो घनतेचा पीव्हीसी फोम सुमारे १ किलो, १५० घनतेचा बाल्सा १.८ किलो, मरीन प्लाय सातच्या वर. एवढ्याशा होडीत डेकवरचं वजन उंचावर असतं, म्हणून प्लाय पूर्ण भागाला नको. बाल्सा ताकदीत फोमपेक्षा सरस आहे, पण पाण्याला क्षमा करत नाही. ८० ते १०० घनतेचा क्रॉसलिंक पीव्हीसी फोम चालण्याच्या डेकला पुरतो.

घराच्या इन्सुलेशनचा निळा-गुलाबी पॉलिस्टायरीन फोम वापरू नका. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन तो विरघळवतं. इपॉक्सीने विरघळत नाही हे खरं, पण पायाच्या वजनाला लागणारी सरकण्याविरुद्धची ताकद त्यात नसते.

क्लीट आणि डोलकाठीच्या बुडाखाली कुठलाच फोम नको. तिथे भरीव काच किंवा जी-१० चा (काच-इपॉक्सीच्या तयार टणक पाटीचा) तुकडा. डोलकाठीचा दाब सतत एकाच जागी येतो, फोम तिथे हळूहळू बसतो.

सुतारपक्षी

क्लीटखाली बीएस १०८८ प्रतीचा प्लाय चालेल, पण सगळ्या कडा आधी पातळ इपॉक्सीने तीन वेळा पाजलेल्या हव्यात. कडेचे तंतू पाणी ओढतात. जी-१० मिळत असेल तर तेच बरं.

शीडवारा

इपॉक्सी की पॉलिएस्टर? मूळ होडी पॉलिएस्टरची आहे. आणि जाडी कशी जुळवायची? १० मिमी जागेत १० मिमी फोम बसवला तर खालच्या चिकटवायच्या लेपामुळे वर येईल ना?

राळकाम

येईल. म्हणून खड्ड्याची खोली मोजून त्यातून लेपाचा १ मिमी वजा करा. वरती नवी काच चढवणार असाल तर फोम जुन्या कोअरच्या पातळीला बरोबर यायला हवा, म्हणजे ९ मिमी. १० चा मिळाला तर लांब लाकडी ठोकळ्यावर ८० चा पेपर लावून उतरवा, फोम पटकन घासला जातो. जुना थरच परत बसवणार असाल तर त्याच्याखाली दुसरा लेप येतो, मग ८ मिमी.

जुना थर परत बसवावा की नवी काच? परत बसवण्यात नक्षी वाचते असं वाटतं, पण सांध्याला दोन्ही बाजूंनी उतार द्यावाच लागतो. उतार १ ला १२. अडीच मिमीला ३० मिमी, दोन्ही मिळून ६० मिमीची पट्टी सगळीकडून घासली जाते. शिवाय जुना थर कमानीत नीट बसला की नाही ते वरून दिसत नाही, खाली हवा अडकली तर ठोकूनच कळते. मोठा भाग असेल तर परत बसवा, पाव ते अर्धा चौरस मीटर असेल तर नवी काच सोपी आणि खात्रीची.

रेझिन इपॉक्सी. पॉलिएस्टर ताज्या थरावर ताजा असताना उत्तम, पण जुन्या, पूर्ण पक्क्या झालेल्या थरावर त्याची पकड इपॉक्सीइतकी नसते, आणि इथे सगळा खेळ पकडीचाच आहे. मात्र एकदा इपॉक्सी वापरली की वर पॉलिएस्टर किंवा साधा जेलकोट (होडीचा बाहेरचा चकचकीत लेप) चढवायचा विचार सोडा, दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग द्या.

इपॉक्सीबरोबर तुकडा-काचेची साधी मॅट घेऊ नका. तिचे धागे धरणारा चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने सुटावा असा असतो, इपॉक्सीत तो सुटत नाही, मॅट ताठ राहते, नीट भिजत नाही. शिवलेलं बायॅक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं) काचेचं कापड घ्या, चौरस मीटरला ४५० ग्रॅमचं.

बसवणं :

१. फोमचे तुकडे कोरडेच बसवून बघा, नंबर टाका. कडेला २ मिमी फट ठेवा. प्रत्येक तुकड्यात दर १० सेंमीला ५ मिमीचं आरपार भोक, हवा आणि जादा लेप बाहेर यायला.

२. खालचा थर आणि फोमची खालची बाजू, दोन्ही नुसत्या पातळ इपॉक्सीने पाजा. हे टाळलं तर फोम लेपातली इपॉक्सी ओढून घेतो आणि सांधा कोरडा पडतो. खरडून काढलात तर फोम पांढरी साय निघाल्यासारखा स्वच्छ सुटतो, तेव्हा समजायचं की पाजणं राहिलं होतं.

३. मग सिलिका (घट्टपणा आणणारी हलकी पूड) घातलेला इपॉक्सीचा लेप. उभ्या पट्टीवरून ओघळू नये, पण दाबल्यावर पसरावा इतका घट्ट. ३ मिमी दात आणि ६ मिमी अंतराच्या दातेरी पट्टीने पसरवा. म्हणजे चौरस मीटरला साधारण लिटरभर लेप बसतो. दातांच्या रेघा सगळ्या एकाच दिशेने ओढा. गोल फिरवल्या तर मध्ये हवा कोंडते.

४. फोम ठेवा, थोडा मागेपुढे सरकवून दाबा. भोकांतून लेप वर आला पाहिजे. ज्या भोकातून आला नाही तो तुकडा उचला, खाली लेप वाढवा, परत ठेवा. आत्ता उचलणं दोन मिनिटांचं काम आहे.

५. वर प्लॅस्टिक, त्यावर वाळूच्या पिशव्या. कडेच्या आणि मधल्या फटी, भोकं त्याच लेपाने भरून टाका.

भरतीओहोटी

वजन की व्हॅक्यूम, यावर थोडं. २५ किलोची पिशवी ३० × ३५ सेंमीवर बसते. म्हणजे दाब सुमारे ०.०२५ बार. सपाट जागी पुरतो, कमानीवर तुकडा मुळात वाकवून बसवायचा असेल तर पुरत नाही. व्हॅक्यूमची पिशवी ०.५ बारला चौरस मीटरवर पाच टन दाब देते. बऱ्याच जणांना वाटतं की एवढ्याने खालचा पातळ थर फुटेल. उलट आहे : वरून पिशवी दाबते तेवढंच खालून बाहेरची हवा थराला वर दाबते, डेकवर निव्वळ भार काहीच येत नाही. वाळूच्या पिशव्यांचा भार मात्र पूर्णपणे खालच्या थरावर आणि टेकूंवर येतो.

व्हॅक्यूमला अट एकच, खालचा थर हवाबंद हवा. तपासणीची ४ मिमीची भोकं आधी खालून टेप लावून इपॉक्सीने बंद करा. नाहीतर पंप हवा आत ओढत राहतो आणि लेपात बुडबुड्यांची रांग तयार होते.

शीडवारा

हे पिशव्यांच्या आणि टेकूंच्या फरकाचं कुठे वाचलं नव्हतं. माझ्याकडे पंप नाही, कमान फार नाही, वाळूच घेतो आणि टेकू २० सेंमीवर आणतो. माल किती आणू?

राळकाम

उघडलेला भाग ७० × ८० सेंमी धरू, ०.५६ चौमी.

फोम ०.६५ चौमी. लेपाला ०.५६ लिटर, म्हणजे साधारण ६५० ग्रॅम. पाजायला दोन्ही पृष्ठांना मिळून ३०० ग्रॅम. वरची काच : ४५० चं बायॅक्सियल हाताने लावलं की एक थर सुमारे ०.५५ मिमी होतो. चार थर म्हणजे २.२ मिमी. जुना थर मॅटचा असणार, त्यात काचेचं प्रमाण कमी, त्यामुळे २.२ चा बायॅक्सियल २.५ च्या मॅटला भारी आहे. चार थर मिळून अडीच चौमी कापड, १.१ किलो. हाताने लावताना काचेच्या वजनाइतकं रेझिन धरा, वर पाव भाग नासाडी, म्हणजे १.४ किलो. बोल्टची भोकं आणि खालची पट्टी धरून आणखी ७०० ग्रॅम. एकूण तीन किलोच्या थोडं वर, साडेतीन आणा. सिलिका वजनाने १०० ग्रॅम पुरेल, पण आकाराने ती दोन लिटर दिसते, डबा मोठा आणा. पील प्लाय (ओल्या काचेवर अंथरून नंतर सोलून काढायचं कापड) एक चौमी.

हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. लवकर सेट व्हावा म्हणून जास्त घातला तर इपॉक्सी लवकर सेट होत नाही, मऊ राहते. एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका, आणि कालवलं की पसरट ट्रेमध्ये ओता. खोल कपात ती स्वतःच्या उष्णतेने उकळते. हवा १० अंशांनी गरम झाली की हाताशी मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो.

जुनीडोलकाठी

काच लावताना मोठा तुकडा आधी की लहान?

राळकाम

मी मोठा आधी लावतो. उताराच्या पूर्ण रुंदीला एकच अखंड थर चिकटतो, आणि वरून घासताना कापली जाते ती लहान तुकड्यांची कड, चिकटवणारा थर शाबूत राहतो. लहान आधी लावणारेही आहेत, उतार नीट असेल तर दोन्ही चालतं. चारही थर एकाच बैठकीत, ओल्यावर ओला. रोलरने हवा काढा, शेवटी पील प्लाय. दुसऱ्या दिवशी पील प्लाय काढलात की खरखरीत, स्वच्छ पृष्ठ मिळतं. जिथे पील प्लाय नव्हता तिथे आधी पाणी आणि हिरव्या घासणीने धुवा, मगच घासा. इपॉक्सीवर मेणचट साय येते, ती न धुता घासली तर पुढचा थर धरत नाही.

पक्कं झालं की परत ठोकून बघा. नाण्याएवढी पोकळी एखाद-दुसरी सापडली तर आता जुनीडोलकाठींची सिरींज काढा. कोरडं आहे, नवं आहे, ३ मिमीची दोन भोकं, एकातून भरा, दुसऱ्यातून येऊ द्या.

सुतारपक्षी

आता सुटलेल्या पट्टीबद्दल. ती डेकचं काम पूर्ण झाल्यावर करा, आधी नाही. डेक दबत असताना चिकटवली तर ती चुकीच्या कमानीला धरेल.

फूटभरच सुटली म्हणून तेवढंच चिकटवू नका. एका टोकाचा प्लाय ओला असेल तर तो आत आणखी पुढे ओला आहे. पट्टीलाही ४ मिमीची भोकं घेऊन बघा. ओली निघाली तर पूर्ण काढून फोमची करा : तळाला ५० मिमी, माथ्याला ३०, उंची ४०. अशा पट्टीत फोम फक्त आकार देतो, ताकद काचेच्या टोपीची, त्यामुळे साधा हलका फोम चालतो. डेकचं पोट ४० ने घासा, फोम लेपावर बसवा, दोन्ही बाजूच्या कोपऱ्यात लेपाची गोलाई द्या, १० मिमी त्रिज्येची. काच काटकोनात वळत नाही, मागे हवा राहते. वर ४५ अंशात तिरपं बायॅक्सियल, तीन थर, दोन्ही बाजूंना डेकवर ५० मिमी येईल असं, आणि प्रत्येक पुढचा थर २० मिमी जास्त. म्हणजे कडा एकाच रेषेत येत नाहीत. १.१ मीटर लांबीला पाऊण चौमीच्या थोडं वर कापड लागतं.

टोकं ताडकन संपवू नका. ४० मिमी उंची शेवटच्या १५ सेंमीत शून्यावर उतरवा. पट्टी एकदम थांबली की डेक त्या टोकावर वाकतो आणि सोलणं तिथूनच सुरू होतं. तुमची सुटलेली बाजू बघा, बहुधा टोक सरळ कापलेलं असेल.

शीडवारा

हो, सरळ कापलेलं आहे. मागच्या पट्टीचंही तसंच आहे. तिची टोकं उतरवून घेऊ का, की धड आहे तर हात लावू नये?

सुतारपक्षी

काच कापू नका. टोकापुढे फोमची उतरती पाचर बसवा आणि तिच्यावरून जुन्या पट्टीवर १० सेंमी चढेल असे दोन थर लावा. काम तेवढ्याने होतं.

भरतीओहोटी

धुळीबद्दल कुणी बोललं नाही. काच घासताना पी-३ (बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा अर्धा मुखवटा, कापडी मास्क नव्हे. इपॉक्सीला नायट्राइलचे हातमोजे, आणि कातडीवर पडली तर ऍसिटोनने पुसू नका, ती आणखी आत जाते. साबण-पाणी. इपॉक्सीची ऍलर्जी एकदा जडली की कायमची. दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग ब्रश-रोलरने द्या. स्प्रे करायचा असेल तर त्यातल्या आयसोसायनेटसाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो, साधा फिल्टर चालत नाही.

आणि रंग फिका घ्या. घरच्या तापमानाला पक्की झालेली इपॉक्सी साधारण ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. गडद डेक उन्हात तेवढा सहज तापतो, मग नव्या भागाची कड रंगावर उमटते.

शीडवारा

शेवटचं. क्लीटची भोकं नेमकी कशी करू? आणि दोर, शिडं ताणायला किती दिवस थांबू?

राळकाम

क्लीटखाली जी-१० बसवलंत तर सरळ ड्रिल करा, तिथे कुजण्यासारखं काही नाही. डेकवर इतरत्र जी फिटिंग्ज बाल्सातून गेली आहेत, ती मात्र याच वेळी करून घ्या. ६ मिमी बोल्ट असेल तर भोक १२ चं करा, पण खालचा थर न फोडता. आतल्या बाल्साला वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून चहूबाजूंनी ५-६ मिमी आणखी कोरा. धूळ ओढून घ्या. खालून टेप. आधी पातळ इपॉक्सी सोडून बाल्साला पाजा, दहा मिनिटांनी उरलेली ओढून काढा, मग सिलिकाचा घट्ट लेप काठोकाठ. पक्कं झाल्यावर ६.५ मिमीचं नवं भोक. आता बोल्ट कितीही गळला तरी पाणी बाल्सापर्यंत जात नाही, आणि बोल्ट कसल्यावर दाब घेतो तो इपॉक्सीचा खांब, बाल्सा नव्हे.

भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकने २ मिमीची खोबण करा, सीलंटला राहायला जागा मिळते. ब्युटाइलची (मऊ, चिकट रबरी सीलंटची) दोरी बोल्टभोवती गुंडाळा. सिलिकॉन नको, त्याचा अंश राहिला की पुढे रंग किंवा इपॉक्सी काही धरत नाही. खाली ५ मिमी काचेची पाटी आणि रुंद वॉशर.

ताण द्यायला २५ अंशांच्या आसपास हवा असेल तर सात दिवस, थंडी असेल तर दुप्पट. चालायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हरकत नाही.

ब्युटाइल एकदम पूर्ण कसू नका. पहिल्या दिवशी ते कडेने डोकावेपर्यंत, मग दोन-तीन दिवस रोज थोडं. कसताना वरून बोल्टचं डोकं स्क्रूड्रायव्हरने घट्ट धरा आणि खालून फक्त नट फिरवा. बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचं ब्युटाइल पिळवटून फाटतं.